पाय उघडे ठेवा

त्या बाईचे पाय वाकळीखाली होते आणि मी वाकळ उचलली नाही.

डिसेंबरची रात्र होती, गाळप हंगाम भरात. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बाँडचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष काढत होतो. तीस खाटा, रात्रीला एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. ऊसतोडीच्या टोळीतलं एक जोडपं आलं. अशा जोडीला आमच्याकडं 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाच्या मोटारसायकलवर तिला दोघांच्या मधोमध बसवून आणलं होतं. बत्तीस-तेहतीस वर्षांची काटक बाई. "पोटात दुखायलंय सकाळधरनं, आन गरगरायलंय," एवढंच म्हणाली. दुपारपर्यंत मोळ्या वाहत होती. नवरा म्हणाला, "काहीच खाल्लं नाही साहेब तिनं, त्याच्यानंच असंल."

बीपी ११०/८८, नाडी १२६. दोन्ही आकडे मीच केसपेपरवर लिहिले आणि पहिला बघून निश्चिंत झालो. दिवस गेलेत का, असं विचारलं तर ती कसनुसं हसली. "ऑपरेशन झालंय की, चार वर्षं झाले." मलाही ते पटलं. पाळी कधी आली होती, हे मात्र विचारलं नाही. पित्ताचं एक इंजेक्शन, पोटदुखीचं एक, ओआरएसची पुडी, आणि सकाळी बघू. थंडी वाजते म्हणाली म्हणून नवऱ्यानं सोबत आणलेली वाकळ गळ्यापर्यंत पांघरून दिली.

पाऊण तासानं ती लघवीला उठली आणि संडासाच्या दारात कोसळली. आम्ही चौघांनी उचलून खाटेवर घेतली. पाय धरलेल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, पाय बघा हो हिचे." घोट्यापासून खाली पाय गार आणि ओलसर होते. दोन्ही गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती, ओल्या भिंतीवर बुरशी उमटावी तशी. बीपीच्या मशीननं दोनदा फुगून एरर दाखवला. हातानं घेतलं तेव्हा वरचा आकडा साठच्या आसपास लागला, खालचा लागलाच नाही.

त्यानंतरचा अर्धा तास मला मिनिटागणिक आठवतो. पाय वर घेतले, ऑक्सिजन लावला. तिच्या मनगटाला निळी सुई होती, मीच लावायला सांगितलेली. निळ्या सुईतून मिनिटाला जेमतेम ३५ मिली जातं, करड्या सुईतून त्याच्या पाचपट. शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होतं तेव्हा, शिरा चपट्या होतात, म्हणून मनगटाच्या नादी न लागता दोन्ही कोपरांच्या खोबणीत मोठ्या सुया टाकायच्या असतात. डावीकडं करडी बसली, उजवीकडं हिरवीवर भागलं. आरएलचं सलाइन चालू केलं. सुई टाकतानाच रक्तगटासाठी रक्त काढून घेतलं. लघवीची नळी टाकल्यावर पिशवीत दोन-तीन चमचे गडद लघवी आली. तिचेच चार थेंब प्रेग्नन्सीच्या पट्टीवर टाकले. दोन रेघा उमटल्या.

नसबंदीनंतर दिवस सहसा जात नाहीत. पण गेलेच, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत रुजायचा धोका जास्त असतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

अंबाजोगाईला शिकत असताना ज्यांच्या हाताखाली काम केलं होतं, त्या सरांना फोन लावला. मी घाईघाईनं म्हणालो, "दोन लिटर सलाइन सोडतो, प्रेशर वर आणतो आणि पाठवतो." सर म्हणाले, "वर किती आणणार? आत नळी फुटलीय. तू प्रेशर एकशेवीसला नेलंस तर जी काही गुठळी धरलीय ती उडून जाईल, आणि उरलेलं रक्त पाण्यागत पातळ होईल. ती शुद्धीवर राहील, नाडी हाताला लागेल, वरचा आकडा ऐंशी-नव्वदला टेकेल, एवढंच दे. तिला सलाइन नाही, टाके पाहिजेत. गाडी बोलाव." १०८ ला फोन केला. ज्या रुग्णालयात न्यायचं तिथं गट आधीच कळवला, म्हणजे पोहोचेपर्यंत पिशव्या तयार राहतील. मुकादमाला सांगितलं, टोळीतले चार तगडे गडी गाडीमागं पाठव, रक्त द्यायला लागेल.

ती वाचली. पोटात दीड लिटरच्या वर रक्त निघालं, असं नंतर कळलं. वजन पंचेचाळीस किलो, म्हणजे अंगात सगळं मिळून तीन लिटर. निम्मं रक्त पोटात सांडलेलं असताना ती माझ्या वॉर्डात ओआरएस पीत पडली होती.

केसपेपरची झेरॉक्स मी बरेच दिवस जवळ ठेवली. ११०/८८. त्यातला ११० मला दिसला, ८८ दिसला नाही. दोन्ही आकड्यांतलं अंतर फक्त बावीस होतं. निरोगी माणसात ते चाळीसच्या आसपास असतं. वरच्या आकड्याच्या चौथाईपेक्षा कमी भरलं तर हृदय दर ठोक्याला फार थोडं रक्त बाहेर टाकतंय असं समजावं. आणि नाडी १२६, म्हणजे बीपीच्या वरच्या आकड्याहून मोठी. एरवी नाडी त्या आकड्याच्या निम्म्या-पाऊणपट असते. ती त्याला गाठायला लागली तरी कान टवकारायचे असतात. इथं तर पुढं गेलेली. म्हणजे दोन्ही आकडे ओरडत होते, आणि मी त्यांच्याखाली 'नॉर्मल' लिहून सही केली होती.

शरीर बीपी इतका वेळ का सांभाळतं, हे मला पुस्तकापेक्षा कालव्यानं जास्त समजावलं. आमचं शेत परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. पैठणला नाथसागरातून निघणारा हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. पाण्याची पाळी सुटली की वडील सायकल काढून चारीवर जायचे. वरच्या अंगाला कालवा काठोकाठ आणि आमच्या चारीत बेडकं उड्या मारतायत, हे मी लहानपणापासून बघत आलोय. धरणावरच्या नोंदवहीत पाणी सुटलेलं असतं. आमच्या हरभऱ्याला ते माहीतच नसतं.

रक्त कमी पडायला लागलं की शरीर हेच करतं. कातडीची, हातापायांची, आतड्यांची, मग मूत्रपिंडाची दारं एकेक करून आवळतं, आणि उरलेलं पाणी मेंदू आणि हृदयाला राखून ठेवतं. कालव्याच्या मुखाशी पातळी तशीच दिसते. बीपीचा पट्टा आपण मुखाशी बांधतो. साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत तरण्याताठ्या माणसाचं वरचं बीपी टिकून राहू शकतं. मग एकदम पडतं, आणि तेव्हा आपण म्हणतो, 'अचानक शॉकमध्ये गेला'. अचानक काही झालेलं नसतं. टेल कधीच कोरडा पडलेला असतो.

म्हणून मी टेलला जायला लागलो. रुग्ण आला की आधी पांघरूण गुडघ्याच्या वर सरकवायचं आणि पाऊल हातात घ्यायचं. हाताची मागची बाजू पावलावरून नडगीवर, नडगीवरून गुडघ्यावर न्यायची आणि गारवा कुठं संपतो ते बघायचं. मग बोटाच्या टोकाचा मांसल भाग दहा सेकंद दाबून धरायचा. दहा म्हणजे दहा, मनात मोजून. सोडला की पांढरा पडलेला भाग परत गुलाबी व्हायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर गडबड आहे. श्वास स्वतः मोजायचा, कारण चार्टवर तो कायम वीसच असतो, मेलेल्या माणसाचासुद्धा. लघवी तासाला किलोमागं अर्धा मिली व्हायला पाहिजे. आणि 'पिऊन बरळतोय' असं नातेवाइकांनी सांगितलं तरी एकदा तोंडाचा वास घ्यायचा. मेंदूला रक्त पुरेनासं झालं तरी माणूस बरळतोच.

दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतल्या डॉक्टरांनी सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गातून आलेल्या शॉकच्या, ४२४ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली छापून आला. निम्म्यांचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटवर (पेशींना प्राणवायू कमी पडला की हे वाढतं) बेतलेले, निम्म्यांचे या बोट दाबून बघण्यावर. अठ्ठाविसाव्या दिवशी लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के रुग्ण दगावले होते, बोट दाबणाऱ्यांच्या गटात ३४.९. संख्याशास्त्राच्या फुटपट्टीवर हा फरक निर्विवाद ठरला नाही. पण आमच्याकडं लॅक्टेटचं यंत्र तर नव्हतंच, ईसीजीचा कागदसुद्धा महिना-महिना नसायचा. तो निबंध वाचून मी सिस्टरना म्हणालो, "बघा, आपल्याकडं पण मॉनिटर आहे. दहा बोटांचा."

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं वाटतं. पुढं त्याच शहाणपणानं घात व्हायची वेळ आली.

मृगाचा पाऊस पडून गेला होता. दगडांखालून इंगळ्या बाहेर निघायचे दिवस. सात वर्षांच्या पोराला सरपण काढताना हाताला इंगळी चावली. आजीनं कांदा चोळून, मंत्र घालून दोन तास काढले आणि मग आणला. घामानं निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, नाडी दीडशेच्या वर. मी पाय धरले. गार! बोट दाबलं, पाच सेकंद. डिसेंबरातली बाई डोळ्यांपुढं उभी राहिली. म्हटलं, या वेळी चुकायचं नाही. वीस किलोचं पोर, किलोमागं वीस मिली, म्हणजे चारशे मिली, भराभर सोडा.

दोनशे गेलं असेल-नसेल, पोर खोकायला लागलं. छातीला स्टेथोस्कोप लावला तर तळाशी चुरचुर. तेव्हा कुठं लहान मुलांचा कफ शोधून बीपी घेतलं. १४०/१००.

पाय गार होते, पण रक्त कमी पडून नव्हे. इंगळीचं विष मज्जातंतूंमधून ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सोडतं आणि सगळी दारं एकदम आवळली जातात. आपल्या मोटारीनं बंद दारांवर पाणी ढकलत राहावं तसं हृदय ढकलत राहतं आणि थकतं. पाणी मागं तुंबतं, ते फुफ्फुसात. आणि मी त्यात वरून आणखी ओतत होतो.

सलाइन बंद केलं. पोराला अर्धवट बसवून ऑक्सिजन लावला. सिस्टर तोवर औषधांच्या कपाटातून प्राझोसिनची पट्टी घेऊन उभ्या होत्या. हे औषध ती दारं उघडतं. मात्रा किलोमागं ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. एक मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा ब्लेडनं कापला. हा उपचार जगाला देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात, महाड भागात विंचवाच्या दंशानं माणसं मरताना बघून त्यांनी तो शोधला, १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आणला, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातल्या डॉक्टरनं इंगळीच्या पोराला सलाइनचा लोंढा लावावा, याची लाज मला त्या रात्री दुहेरी वाटली.

पोरगं रेफर करावं लागलं, पण वाटेतच सुधारत गेलं. गाडीत मी सोबत होतो. तीन तासांनी दुसरा तुकडा दिला. पहाटे त्याचं पाऊल माझ्या तळहाताएवढं कोमट लागलं, तेव्हा आजीनं विचारलं, "बाबा, तू सारखं पायच का धरायलास लेकराचे?"

त्यानंतर मी कुणालाही आंधळेपणानं सलाइन सोडलं नाही. दोनशे-अडीचशे मिली देऊन परत छाती ऐकायची, परत बोट दाबायचं. शॉक हे एका रोगाचं नाव नाही. रक्त किंवा पाणी आटलं, हृदय दमलं, रक्ताच्या नळ्या सैल पडल्या, किंवा मधेच काही अडकलं, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी किंवा हृदयाभोवती पाणी साचलं, अशा चार वाटांनी माणूस तिथं पोहोचतो. पहिली तासाभराची धावपळ सारखी दिसली तरी औषधं एकमेकांच्या उलटी असतात. हार्ट अटॅकच्या शॉकमध्ये दोन लिटर सलाइन म्हणजे दमलेल्या बैलाच्या गाडीत आणखी चार पोती. मधमाश्या चावून किंवा इंजेक्शनची रिॲक्शन येऊन बीपी पडलं, तर सलाइनच्या आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ॲड्रेनॅलिन अर्धा मिली. ते द्यायला हात कचरतो. आधी ॲव्हिल-डेक्सा, म्हणजे ॲलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड, देऊन बघू, अशी सवय आपल्याकडं फार. ती वाईट आहे.

आणि मग पाय गरम असलेला शॉक आला.

पासष्टीचे आजोबा, साखरेचा आजार, तळपायाला बाभळीचा काटा लागून आठ दिवस झालेले. जखमेवर हळद आणि कसलासा पाला. ताप, धाप, सकाळपासून नातवाला ओळखेनात. पाय धरले तर भाजतील इतके गरम. बोट दाबलं, दोन सेकंदांत गुलाबी. वर्षापूर्वीचा मी इथंच फसलो असतो. बीपी ८४/३६. खालचा आकडा छत्तीस म्हणजे नळ्यांनी हात टेकलेले. जंतूंमुळं सगळी दारं सताड उघडी पडतात. पाणी शेतात भरमसाट पसरतं आणि मुखाशी पातळी खचते.

सरासरी दाब काढायची सोपी रीत म्हणजे खालच्या आकड्याची दुप्पट, त्यात वरचा आकडा मिळवून तिनानं भागायचं. ५२ आला. ६५ पाहिजे. रक्ताचे नमुने घेऊन तासाभराच्या आत अँटिबायोटिक शिरेतून दिलं. सेप्टिक शॉकमध्ये दर तासाची दिरंगाई महागात पडते, आणि आमच्याकडं त्यांचे आठ दिवस आधीच गेलेले. साठ किलो वजन, पहिल्या तीन तासांत किलोमागं तीस मिलीच्या हिशेबानं अठराशे. पाचशे-पाचशे करून, दर बाटलीला छाती ऐकून. दोन बाटल्यांनंतर सरासरी ५६. तिसरी लावतानाच सैल पडलेल्या नळ्या आवळणारं नॉरॲड्रेनॅलिन काढलं.

हे औषध मानेतल्या मोठ्या शिरेतूनच द्यायचं असा धाक आमच्या मनात घातलेला असतो. ती लाइन टाकणारा येईपर्यंत मग माणूस तसाच पडून राहतो. पण थोड्या वेळापुरतं कोपराच्या आसपासच्या चांगल्या मोठ्या शिरेतून ते देता येतं. सुईपाशी कातडी पांढरी पडते का, सूज येते का, यावर डोळा ठेवायचा. सिरिंज पंप नव्हता. मायक्रो ड्रिपचा सेट लावला. त्याचे साठ थेंब म्हणजे एक मिली. मोबाईलचं घड्याळ लावून मी थेंब मोजत बसलो. मिनिटाला पंधरा. सरासरी ५९. बावीस. ६३. थेंब वाढवला की पाच मिनिटं थांबायचं, बीपी घ्यायचं, लिहायचं. सिस्टर कंटाळून म्हणाल्या, "सर, तुम्ही झोपा थोडं, मी मोजते." त्यांनी मोजले, पण मला झोप आली नाही. सव्वीस थेंबांना ६६ मिळाला. लघवीच्या पिशवीत रात्री अकरापासून काहीच नव्हतं. दीडच्या सुमारास पिवळी रेघ दिसली. सोनं सापडल्यागत मी मामांना हाक मारली.

पायातला पू काढल्याशिवाय हे सगळं उसनं होतं, आणि आमच्याकडं भूलतज्ज्ञ नव्हते. पाच ठिकाणी फोन करून बेड मिळाला, तोवर तीन वाजलेले. १०८ च्या डॉक्टरांना थेंबांचा हिशेब कागदावर लिहून दिला, पुढच्या बाटलीची दोन ॲम्प्युल वेगळी दिली, कारण वाटेत बाटली संपली तर औषध अर्धा मिनिटही थांबून चालत नाही.

आजोबांना स्ट्रेचरवर घेतलं. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण वर सरकवून ठेवलं आणि गाडीतल्या डॉक्टरांना म्हणालो, "गुडघे दिसू द्या. गार पडायला लागले किंवा जाळी उमटली तर मशीन काहीही म्हणो, मला फोन करा." त्यांनी मान हलवली. आजी मागून चढल्या, बाकड्यावर बसल्या, आणि पहिलं काम म्हणून काखेतली वाकळ उलगडून आजोबांच्या पायावर नीट खोचून टाकली.

मी ती काढली. त्यांनी परत घातली.

"आजी, पाय उघडे ठेवा."

"आरं माय, थंडीचे दिवस आन तू म्हाताऱ्याला उघडा नेतूस व्हय?"

शेवटी तडजोड झाली. डावा पाय वाकळीत, उजवा माझा.